लिडिया हॅचच्या शेजारचं घर

"ती जागा घेतलेली आहे."

चैत्रालीनं मान वर केली. समोर एक उंच माणूस उभा होता. हातात ट्रे, ट्रेमध्ये थोसाई, म्हणजे इथला डोसा, आणि कोपी या कॉफीचा ग्लास. हा मराठीत कसा बोलला, असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, आत्ताच ती फोनवर आईला सांगत होती, 'बसायला जागा मिळाली बाई एकदाची.'

"कुठली जागा?"

"तुम्ही बसलात ती."

सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या त्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मोठ्या मांडवात, दुपारी पाय ठेवायला जागा नसते. आजूबाजूच्या ऑफिसांतली सगळी माणसं एकदमच जेवायला उतरतात. चैत्रालीला मिरजेहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. टेबलावर टिश्यूची दोन पाकिटं पडलेली दिसली, तेव्हा तिला वाटलं कुणीतरी विसरून गेलं. त्यातला एक कागद काढून तिनं कपाळावरचा घामही पुसला होता.

"पाकीट ठेवलं की जागा धरली, अशी इथली रीत आहे," तो म्हणाला. "दोन्ही पाकिटं माझी आहेत."

"आणि खुर्च्या?"

"त्याही."

"तुम्ही तर एकटेच दिसताय."

त्यानं ट्रे टेबलाच्या कडेला टेकवला.

"कुणी येणार असेल तर ते आले की उठते ना. तोवर माझी इडली संपेल."

"नाही." त्याचा आवाज चढला नव्हता, पण आतून ताणल्यासारखा झाला होता. "आत्ता उठा. प्लीज."

ती उठली. प्लेट हातात धरून खांबाला टेकून उभी राहिली आणि मुद्दामच तिकडे बघत राहिली. बघूया कोण मोठं येतंय ते. तो सावकाश जेवला. ट्रे घेऊन फिरणारी माणसं त्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबायची, विचारायची, आणि तो मान हलवायचा. शेवटी त्यानं दोन्ही पाकिटं खिशात घातली, ट्रे नेऊन ठेवला आणि निघून गेला.

कुणीच आलं नाही.

तासाभरानं नव्या ऑफिसचा अरुंद जिना चढून ती वर गेली, तर खिडकीपाशी तोच बसला होता.

"हा निशिकांत सबनीस," मॅडम गोह म्हणाल्या. ऑफिस त्यांचंच. "तुझ्याच बाजूचा. तुमची चांगली ओळख होईल."

"झाली," चैत्राली म्हणाली. "यांनी मला उठवलं."

निशिकांतचे कान लाल झाले. तिला ते फार आवडलं, पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

*

मॅडम गोहच्या ऑफिसात लोकांचे पूर्वज शोधून देत. आत्ता हातात काम होतं ते मिस्टर व्हीलर यांचं. ते अमेरिकेचे, इथं एका बँकेत बरीच वर्षं. त्यांची आई तिकडे आयडाहोत असते, आता नव्वदीला आलेली. तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, की आपण हॅच घराण्यातले — बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे गेलेल्या पहिल्या माणसांपैकी. खरं की नुसतीच घरातली गोष्ट? वाढदिवसाला आईला उत्तर द्यायचं, असं व्हीलरांच्या मनात होतं.

उत्तर होतं अमेरिकेच्या जनगणनेत. दर दहा वर्षांनी सरकारी माणूस वही घेऊन घरोघर जायचा. घरात कोण, वय काय, जन्म कुठला, धंदा काय. हाताने लिहिलेली ती पानं आता पडद्यावर वाचता येतात. मिरजेच्या ग्रंथालयात जुनी अक्षरं वाचण्यात चैत्रालीचा हात बसलेला होता, म्हणून तिला इथं बोलावलं होतं.

ऑफिसचा एक नियम होता. प्रत्येक घराण्यावर दोन माणसं. एकानं जुन्या काळापासून खाली यायचं, दुसऱ्यानं आजपासून मागे जायचं, आणि दोन्ही टोकं जुळेपर्यंत एकमेकांचं पान बघायचं नाही, नावही सांगायचं नाही.

"एकमेकांचं बघितलं की जे हवं तेच दिसायला लागतं," मॅडम म्हणाल्या. "आंधळ्यानं आंधळ्याला गाठलं, तरच ते खरं."

निशिकांत हॅच घेऊन १८५०पासून निघाला. चैत्राली व्हीलरांच्या आईपासून मागे. दोघांच्या टेबलांमध्ये पुस्तकांचं एक बुटकं कपाट होतं. त्याच्यावरून फक्त डोकी दिसायची.

आणि एक गोष्ट मॅडमनी पहिल्याच दिवशी तिला स्पष्ट सांगितली होती. हे घराणं जुळलं, तर व्हीलर आणखी चार शाखांचं काम देणार. मग तिचा इथं काम करायचा पास वाढवता येईल. नाही जुळलं, तर पास संपेल तेव्हा तिनं घरी जायचं. घरी म्हणजे मिरजेला, जिथं आत्यानं एक स्थळ धरूनच ठेवलं होतं.

सुरुवातीला तिला फक्त पासाची काळजी होती. पुढे पुढे त्यात खिडकीपाशी बसलेल्या माणसाची भर पडली.

कारण नावं सांगायची नाहीत म्हटल्यावर दोघं बाकीचं सगळं सांगायला लागली.

"माझ्याकडे आज सासूबाई सापडल्या," कपाटापलीकडून ती म्हणायची. "सुनेच्या घरात राहतात. वय दर जनगणनेत दोन वर्षांनी कमी सांगतात."

"माझ्याकडचे निघाले," तिकडून आवाज यायचा. "ओहायो सोडलं."

"कशाला?"

"जमीन असेल. लिहिणारा कारण लिहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटून चालत नाही."

"कधीच?"

मग तिकडून पेन्सिल टेबलावर आपटल्याचा बारीक आवाज. विचारात पडला की तो तसं करायचा. चैत्राली त्या आवाजाची वाट बघायला लागली होती. दुपारी आभाळ कोसळायचं तेव्हा तिच्या बाजूची खिडकी बंद करायला तो उठायचा. एक शब्द न बोलता यायचा आणि जायचा. एकदा तिनं विचारलं, "माझे कागद भिजतील म्हणून, की मी?" तो म्हणाला, "कागद." आणि जाता जाता, "मुख्यतः."

त्या 'मुख्यतः'वर तिचा सगळा आठवडा गेला.

पण दुपारी तो एकटाच जेवायला जायचा. दोन पाकिटं, दोन खुर्च्या, एक रिकामी. ती लांबच्या टेबलावरून बघायची.

यिशुनमध्ये ती ज्यांच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायची, त्या मीनाक्षीताईंना सगळ्या सिंगापूरची खबर असायची. त्यांचे यजमान जहाजावर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर.

"सबनीस? शिवांगीचा निशिकांत?" भाजी निवडता निवडता ताईंचा हात थांबला. "अगं, गेली ती. तीन वर्षं झाली असतील. आजार कळला आणि बघता बघता... दोघं रोज बरोबर जेवायची. तिचंही ऑफिस तिथंच होतं ना. तू कशाला विचारतेस?"

"सहजच."

"सहज विचारणाऱ्याचं तोंड असं नसतं," ताई म्हणाल्या.

चैत्राली उठून खिडकीपाशी गेली. आपण कुठल्या खुर्चीवर बसलो होतो ते आता तिला कळलं होतं. कपाळाचा घाम कशानं पुसला होता तेही.

*

मग दोघंही अडकली.

तिचं टोक १९००मध्ये थांबलं. व्हीलरांच्या आईची आजी त्या वर्षी वीस वर्षांची होती. आयडाहोत शाळेत शिकवायची, परक्या घरी भाड्यानं राहायची. आईबाप बरोबर नाहीत. त्याच्या मागची १८९०ची जनगणना तर वॉशिंग्टनला आग लागली तेव्हा जवळजवळ सगळीच गेली. निशिकांतचं टोक १८८०ला थांबलं होतं. मधे वीस वर्षांचा खड्डा, आणि दोघं दोन काठांवर.

"तुमच्या बाईचं काय झालं?" तिनं कपाटावरून विचारलं.

"सांगता येत नाही."

"बरी आहे ना, एवढंच सांगा."

"नाही," तो म्हणाला.

शुक्रवारी मॅडमनी दोघांना मोठ्या टेबलापाशी बोलावलं. सोमवारी व्हीलर येणार होते. "नियम आता पुरे. काय आहे ते मांडा. निशिकांत, तू आधी."

निशिकांतनं पान समोर ठेवलं. आवाज सरळ, बातम्या वाचल्यासारखा. "१८५०, ओहायो. एसा हॅच, चार वर्षांचा, आईबापांबरोबर. साठ साली आयोवा. सत्तर साली नेब्रास्का, आता लग्न झालेलं, बायको लिडिया. मातीच्या ढेकळांची घरं बांधून राहायची ही माणसं. १८८०मध्ये एसा नाही. त्याच हिवाळ्यात गेला. लिडिया, वय एकोणतीस, विधवा. दोन मुलगे, आणि दोन महिन्यांची एक मुलगी."

"तिचं नाव?" चैत्रालीनं विचारलं.

"लिहिलेलं नाही. नुसतं 'बाळ'."

"बारसं व्हायचं असेल."

तो हसणार होता, हसला नाही.

"मोजणी जूनची, दोन महिन्यांची म्हणजे जन्म एप्रिलचा," ती म्हणाली. तिच्या कागदावर तोच महिना होता, तेच साल, तेच राज्य. "पुढे?"

"पुढे काही नाही. १९००मध्ये लिडिया हॅच कुठंही नाही. मोठा मुलगा परक्याच्या शेतावर गडी म्हणून सापडतो. घर मोडल्याशिवाय असं होत नाही." त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. शेवटची ओळ त्याच्या बारीक अक्षरात होती: लिडिया व बाळ, बहुधा मृत.

चैत्रालीनं ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"मारून टाकलंत तुम्ही तिला."

"मी कुणाला मारलं नाही. ती कुठं सापडत नाही."

"हॅच नावानं सापडत नाही. दुसऱ्या नावानं शोधलंत?"

"दुसरं कुठलं नाव?"

"एकोणतीस वर्षांची बाई, पदरात तीन पोरं, बाहेर उभं शेत. तिनं दुसरं लग्न केलं असेल हे तुम्हाला सुचलं नाही?"

निशिकांतचा चेहरा बदलला. तो खरंच चकित झाला होता, असं तिला दिसलं, आणि तेच तिला जास्त लागलं. एवढी वर्षं हे काम करणारा माणूस. कुठल्याही नवशिक्यानं पहिलं तेच बघितलं असतं.

"नाही," तो हळूच म्हणाला. "नाही सुचलं."

"की सुचू दिलं नाहीत?"

दोघं कधीच मराठीवर आली होती आणि मॅडम गोहना मराठी कळत नव्हती, तरी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"शेजारी कोण होतं?" चैत्रालीनं विचारलं. मघाशी आपण बोललो ते मागे घ्यायला हवं होतं, पण आता थांबवत नव्हतं. "मोजणारा माणूस एका घरातून पुढच्या घरात जायचा. लिडियाच्या खालच्या ओळीत जे नाव असेल, ते शेजारचं घर. कोण आहे तिथे?"

"शेजाऱ्यांशी आपल्याला..."

"वाचा ना."

त्यानं पडद्यावर पान उघडलं. बोट खाली सरकवलं. "जोनस कोल्बी. शेतकरी. वय एकोणचाळीस. विधुर. एक मुलगी, सात वर्षांची."

चैत्राली खुर्चीत मागे टेकली. १८८०च्या पानांत शोधताना या जोनसला तिनं कितीदा पाहिलं होतं. बायको नाही, तान्हं मूल नाही, आपल्या कामाचा नाही, असं म्हणून दर खेपेला बाजूला टाकला होता. तिनं आपला कागद उलटा करून त्याच्यासमोर ठेवला.

रोझा कोल्बी. शिक्षिका. जन्म एप्रिल १८८०, नेब्रास्का.

निशिकांतनं नाव वाचलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे... आणि चटकन नजर काढून घेतली.

"योगायोग असू शकतो," तो म्हणाला.

"निशिकांत—"

"शेजारी विधुर होता म्हणून तिनं लग्न केलंच असेल, हे तुम्हाला हवं आहे म्हणून दिसतंय. नियम म्हणूनच होता. याच्यावर मी सही करणार नाही."

शेवटचं तो मॅडमना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाला. दोघांच्या सह्यांशिवाय अहवाल जात नसे. मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "सोमवारपर्यंत पुरावा आणा," त्या म्हणाल्या. "नाही मिळाला तर मी व्हीलरना नाही म्हणून सांगेन. चैत्राली, मला वाईट वाटेल."

निशिकांत छत्री न घेताच जिना उतरून गेला. बाहेर धो धो पाऊस होता. तिच्या बाजूची खिडकी उघडीच राहिली. तिनं ती स्वतः उठून बंद केली.

*

पुरावा असलाच तर एकाच ठिकाणी असणार होता. नेब्रास्कानं १८८५मध्ये आपल्या राज्यापुरती एक मोजणी केली होती. पण त्या जिल्ह्याची पानं नाव टाकून शोधता येत नव्हती. ढीगभर पानं, फिकट शाई, आणि एकेक ओळ डोळ्यांनी वाचायची.

चैत्राली शनिवारी सकाळी मीनाक्षीताईंच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. रविवारी दुपारीही तिथंच होती. डोळे चुरचुरत होते. वाचता वाचता शुक्रवारचं स्वतःचंच वाक्य मधे मधे ऐकू यायचं... की सुचू दिलं नाहीत? असं कुणी विचारतं का माणसाला? पास राहिला काय, गेला काय. हे वाक्य आता कुठं परत घेता येणार होतं?

दार उघडून ताईंची आर्या आत आली. शाळकरी पोर, इथल्या इंग्रजीतच वाढलेली, खाली खेळायला गेली होती.

"आंटी, युअर फ्रेंड डाउनस्टेअर्स ला. सो शाय वन. लिफ्टपाशी उभा आहे, वर येतच नाही."

चैत्राली होती तशीच चपला अडकवून खाली गेली. लिफ्टच्या शेजारी दगडी बाकापाशी निशिकांत उभा होता. दाढी वाढलेली, खांद्याला लॅपटॉपची पिशवी.

"तुम्ही १८८५ची पानं वाचत असाल," तो म्हणाला.

"हो."

"पहिल्या पानापासून?"

"हो."

"मला वाटलंच. म्हणून मी शेवटच्या पानापासून मागे येतोय. कालपासून." तो थांबला. "इथून पुढे बरोबर बसलो तर... नियम मोडेल. पण लवकर होईल."

"सही न करायला पुरावा शोधताय, की करायला?"

"ते अजून कळलं नाही," तो म्हणाला. खरं तेच बोलला.

वर आल्यावर ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, चहा टाकला आणि आर्याला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसली. आज मधे कपाट नव्हतं. ती पुढे जात होती, तो मागे येत होता. तिला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

"निशिकांत, शुक्रवारी मी जे म्हणाले..."

"बरोबर म्हणालात. वाचा."

चहा गार झाला. खाली मुलांचा चेंडू भिंतीवर आपटत होता. मग तो आवाजही थांबला, आणि तिच्या लक्षात आलं, की पलीकडे पान उलटल्याची टिचकीही बराच वेळ ऐकू आली नाही.

तिनं वर पाहिलं. निशिकांत पडद्याकडे बघत बसला होता. हात मांडीवर, हलत नव्हते.

"काय?"

त्यानं लॅपटॉप फिरवला.

जोनस कोल्बी, ४४. खालच्या ओळीत लिडिया, पत्नी, ३४. मग जोनसची मुलगी, आता बारा वर्षांची. मग दोन सावत्र मुलगे. मग रोझा, सावत्र मुलगी, पाच वर्षांची.

"बारसं झालं म्हणायचं," चैत्राली म्हणाली. "मिळालं. निशिकांत, मिळालं ना हो?"

"मिळालं ते आहेच." त्याचा आवाज चमत्कारिक झाला होता. "खालची ओळ वाचा. शेवटची."

रोझाच्या खाली आणखी एक मूल होतं. दोन वर्षांचा मुलगा. त्याच्यापुढे 'सावत्र' नव्हतं. तो जोनस आणि लिडिया दोघांचा होता.

नाव लिहिलं होतं, एसा.

चैत्रालीला एक क्षण लागला. मग कळलं. एसा हॅच. लिडियाचा गेलेला नवरा.

"जोनसनं स्वतःच्या मुलाला त्याचं नाव दिलं," निशिकांत म्हणाला. "शेजारी होता ना. ओळखत असेल त्याला. कदाचित त्याची शेतं दोघांनी मिळून नांगरली असतील..." त्यानं तळहातानं डोळे पुसले. लपवलं नाही. "मला वाटायचं, दुसरं कुणी आलं की पहिल्याला घराबाहेर काढावं लागतं. म्हणून मी कुणाला येऊच दिलं नाही. लिडियालाही नाही."

चैत्राली उठली नाही, त्याच्या हातावर हातही ठेवला नाही. टेबलावर मीनाक्षीताईंचं टिश्यूचं पाकीट होतं. तिनं ते त्याच्याकडे सरकवलं.

त्यानं त्या पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं हसला, ओल्या डोळ्यांनी.

*

सोमवारी व्हीलर आले. निशिकांतनं अहवाल त्यांच्यासमोर ठेवला आणि आधी म्हणाला, "एक सांगायचं आहे. तुमच्या आईच्या पणजीला मी मृत लिहिलं होतं. चूक माझी. चैत्राली देवस्थळींनी तिला शोधलं." मग पेन काढून सही केली आणि पेन तिच्या हातात दिलं.

व्हीलर बराच वेळ त्या पानावरच्या नावांवरून बोट फिरवत राहिले. आईला आजच फोन करतो म्हणाले. जाताना चारही शाखांचं काम ठरवून गेले. मॅडम गोह लगेच चैत्रालीच्या पासाच्या अर्जाला लागल्या. "अजून हातात आलेला नाही," त्यांनी बजावलं. "पण आता मागायला माझ्याकडे कारण आहे."

दुपार झाली. निशिकांत उठला, दाराशी गेला आणि तिथंच उभा राहिला.

"जेवायला येताय?"

ती गेली. हॉकर सेंटर नेहमीसारखं तुडुंब भरलेलं होतं. नेमकं त्याचं टेबल कुणीतरी नुकतंच सोडलं होतं. चैत्राली थांबली. आता तो खिशात हात घालेल, दोन पाकिटं काढेल... मग आपण कुठं बसायचं?

त्यानं खिशात हात घातला नाही.

"पाकीट?" तिनं विचारलं.

"आणलं नाही."

"मग जागा कशी धरणार?"

"माणूस बसवून." त्यानं खुर्ची मागे ओढली. तीच, जिच्यावरून त्यानं तिला उठवलं होतं. "तुम्ही..." तो अडखळला. पुन्हा कान लाल झाले. "तू बसतेस का इथं? मी घेऊन येतो. इडलीच ना?"

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. विचारायला हवं होतं. "ही जागा घेतलेली आहे ना?"

"होती," तो म्हणाला. "शिवांगीची. तिला काल सांगितलं, उद्या कुणालातरी घेऊन येतोय म्हणून."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही. पण ती असती तर म्हणाली असती, तीन वर्षं लोकांना उभं राहून जेवायला लावलंस, लाज नाही वाटली?" त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "चैत्राली, मला तू आवडतेस. पास मिळाला तरी, नाही मिळाला तरी. मिरजेला यावं लागलं तर येईन. मुख्यतः इडली खायला."

"मुख्यतः?"

"नाही," तो म्हणाला. "तुझ्यासाठी."

चैत्राली खुर्चीवर बसली. "चटणी जास्त आण," ती म्हणाली. आवाज नीट निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

तो रांगेकडे गेला. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. ती आहे ना तिथंच, असं बघितल्यासारखं.

एक मुलगी भरलेला ट्रे सांभाळत टेबलापाशी आली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे हनुवटी करून तिनं इंग्रजीत विचारलं, इथं कुणी आहे का?

चैत्रालीनं हात लांब करून त्या खुर्चीवर ठेवला.

"सॉरी," ती म्हणाली. "घेतलेली आहे. तो येतोय."